परदेशी पंतोजी आणि बाकावरचीं मुलें

इंग्रजी शिकवावयास चीन देशीं जाऊन राहिलेल्या पाश्चात्य तरुणांनीं परत आल्यावर लिहिलेल्या पुस्तकांचा एक स्वतंत्र वर्गच आतां इंग्रजी वाङ्मयांत तयार झाला आहे. त्यांतील बहुतेक पुस्तकें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं असतात. तरुण उतारू एखाद्या धुरकट शहरीं रात्रीच्या वेळीं उतरतो. त्याला एक ओलसर खोली मिळते. सकाळीं वर्गांत पाऊल टाकतांच चाळीस-पन्नास मुलें उभीं राहून एका सुरांत त्याचें स्वागत करितात. पुढें कांहीं पानें मिरच्यांच्या जेवणाचीं, कांहीं गर्दीच्या आगगाडीचीं, कांहीं सरकारी शिक्क्यांचीं. आणि शेवटच्या प्रकरणांत धक्क्यावर किंवा स्टेशनावर अश्रू. मधल्या जागा विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या इंग्रजी वाक्यांनीं भरून काढलेल्या असतात. हीं वाक्यें मोठीं गमतीचीं असतात हें आम्ही नाकारीत नाहीं. आम्हीही तीं वाचून हंसलों आहों. परंतु हंसून झाल्यावर मनाला जी एक बारीकशी टोंचणी लागून राहिली, तिचा विचार करावा म्हणून हा लेख लिहावयास घेतला.

टोंचणी अशी. हीं पुस्तकें लिहिणारा मनुष्य फळ्यापाशीं उभा असतो, आणि ज्याच्यासाठीं तो लिहितो तो इंग्लंड-अमेरिकेंतला वाचकही मनानें त्याच्याच शेजारीं उभा राहून वर्गाकडे पाहात असतो. मराठी वाचकाला ती जागा खरोखर घेतां येत नाहीं. त्याच्या घरांत, दोन-तीन पिढ्या मागें, कोणीतरी तर्खडकरांची भाषांतरपाठमाला मांडीवर घेऊन अशींच वाक्यें अशींच चुकविलेलीं असतात. प्रस्तुत लेखकाचे आजोबा साहेबाला रजेचा अर्ज लिहावयाचा झाला कीं आधीं पेन्सिलीनें रद्दी कागदावर लिहीत, मग तो खोडून दुसऱ्या कागदावर, आणि मग कोठें शाईला हात घालीत. तो अर्ज वाचून साहेब हंसला असेल कीं काय, हा प्रश्न आम्हांला लहानपणीं कधीं पडला नव्हता; हीं पुस्तकें वाचतांना पडला. तेव्हां या वाङ्मयाचें परीक्षण बाकावर बसून केलें तर तें कसें दिसतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

उत्तरेकडील पेकिंगचीं पुस्तकें पुष्कळ आहेत. तीं आम्ही मुद्दाम बाजूला ठेविलीं. राजधानींतला परदेशी मनुष्य इतर परदेशी लोकांतच अधिक वावरतो. यांग्त्से नदीच्या कांठापासून खालीं, म्हणजे हूनान, युन्नान, क्वांगतुंग या प्रांतांत आणि नदीवरच्या फूलिंगसारख्या आडगांवीं, ज्यांनीं दिवस काढले त्यांच्यापुरताच आमचा विचार आहे. 'दक्षिण' हा शब्द यांत थोडा सैल वापरला गेला आहे, पण वाचक तेवढी सवलत देतील.

पहिलें पुस्तक मार्क साल्झमन याचें 'आयर्न अँड सिल्क'. येल विद्यापीठांत चिनी वाङ्मयाचा अभ्यास केलेला हा तरुण १९८२ सालीं हूनानची राजधानी चांग्शा येथें वैद्यकीय महाविद्यालयांत इंग्रजी शिकवावयास गेला आणि दोन वर्षें राहिला. पुस्तक १९८६ सालीं निघालें आणि इतकें गाजलें कीं १९९० मध्यें त्याचा बोलपट झाला व त्यांत नायकाचें काम लेखकानें स्वतःच केलें. काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. सांस्कृतिक क्रांतीचें वादळ १९७६ सालीं शमलें होतें. दहा वर्षें बंद पडलेल्या विद्यालयप्रवेशाच्या परीक्षा १९७७ पासून पुन्हां सुरू झाल्या होत्या. परदेशीं भाषा येणें हा ज्या देशांत कालपर्यंत संशयाचा विषय होता, तेथेंच ती आतां बढतीची पायरी झाली होती. साल्झमनच्या वर्गांत डॉक्टर होते, आणि मध्यमवयीन इंग्रजीचे शिक्षकही होते.

या शिक्षकांच्या वर्गांतील एक प्रसंग पुस्तक वाचलेला मनुष्य सहसा विसरत नाहीं. 'आयुष्यांतील सर्वांत आनंदाचा क्षण' या विषयावर निबंध लिहावयास सांगितलेला असतो. एक गृहस्थ आपला निबंध वाचून दाखवितात: पेकिंगला गेलों असतां तेथील प्रसिद्ध बदकाची मेजवानी खाल्ली, तिचें सविस्तर वर्णन. वाचन संपतें, आणि मग ते संकोचानें सांगतात कीं आपण पेकिंगला कधीं गेलेलोंच नाहीं. गेली होती ती बायको. पण तिनें त्या जेवणाचें वर्णन इतक्या वेळां केलें आहे कीं आपण तेथें नसूनही आपला सर्वांत आनंदाचा क्षण तोच, असें आपल्याला वाटतें.

साल्झमननें या प्रसंगावर एक अक्षराचेंही भाष्य केलेलें नाहीं, आणि तेथेंच त्याची योग्यता दिसते. दुसरा कोणी असता तर त्यानें त्या गृहस्थांच्या गरिबीवर अर्धें पान खर्च केलें असतें. आम्ही या उताऱ्यावर एक प्रयोग करून पाहिला. तो मराठींत उतरवून घरांतील मंडळींना वाचून दाखविला. मराठींत आणतांना त्या गृहस्थांच्या इंग्रजीचा अडखळतेपणा आपोआप गळून पडला, कारण व्याकरणाची चूक ही कांहीं केल्या एका भाषेंतून दुसरींत जात नाहीं. मागें उरला तो एक वयस्क, अब्रूदार मनुष्य, जो भर वर्गांत आपलें खोटें आपणच उघडें करीत आहे. ऐकणारांपैकीं कोणी हंसलें नाहीं. एका वडील बाईंनीं एवढेंच म्हटलें कीं बायको खरी भाग्याची!

हा प्रयोग पुढें आम्हांला फार उपयोगी पडला. या वर्गांतील कोणत्याही पुस्तकाची पारख अशी करावी: विद्यार्थ्याच्या तोंडचें वाक्य शुद्ध मराठींत आणावें आणि मग पाहावें कीं शिल्लक काय राहतें. पुष्कळ पुस्तकांत कांहींच राहात नाहीं. म्हणजे लेखकानें विद्यार्थ्याकडून घेतलें होतें काय, तर नुसती चूक. बदकाच्या निबंधांत मात्र सर्व कांहीं राहतें.

साल्झमनचा दोष निराळा आहे. त्याचें प्रत्येक प्रकरण वाटीसारखें गोल आहे. शेवटीं एक मंजुळ नाद होतो आणि पडदा पडतो. दोन वर्षांत या मनुष्यावर खरोखर कोणी रागावलें नाहीं काय? त्याच्या जाण्यानें कोणाला सुटल्यासारखें वाटलें नाहीं काय? परदेशी माणसाकडे येणाऱ्या चिनी मित्राला दारावर नांव नोंदवावें लागे. तें नांव पुढें कोठें जाई, याचा त्या मित्रानें किती विचार केला असेल, हें पुस्तकांतून समजत नाहीं. त्यांतील सर्वांत जिवंत भाग तो कीं ज्यांत साल्झमन स्वतः शिष्य होतो. वुशूचे उस्ताद पान यांच्यापुढें तो भल्या पहाटे घाम गाळतो. वेइ नांवाच्या बाई त्याला भाषेबरोबर चारचौघांत कसें वागावें हेंही शिकवितात. लोखंड आणि रेशीम या नांवांतलें लोखंड त्या उस्तादांच्या मुठीचें आहे. इंग्रजीच्या तासांपेक्षां हे तास पुस्तकांत अधिक भरले, याचें कारण उघड आहे: तेथें चुका करणारा लेखक आहे आणि त्या सुधारणारे चिनी.

येथें एक भेद सांगितला पाहिजे, नाहींतर आम्ही या लेखकांवर अन्याय करूं. आपल्याकडे इंग्रजीचा मास्तर राज्याच्या मागोमाग आला. चिपळूणकरांनीं त्या भाषेला वाघिणीचें दूध म्हटलें, तेव्हां ती वाघीण दाराशीं बसलेली होती. १९८२ सालच्या चांग्शांत किंवा १९९६ सालच्या फूलिंगांत गेलेला अमेरिकन हा बोलावलेला, मोजक्या पगारावरचा आणि डोळ्यांत तेल घालून राखण ठेवलेला पाहुणा होता. त्याच्या हातीं गुण देण्यापलीकडे सत्ता नव्हती. त्यामुळें आपल्या अनुभवाची फूटपट्टी त्यांना जशीच्या तशी लावणें बरोबर होणार नाहीं. हंसण्याचा अधिकार मात्र दोन्हीकडे शिक्षकाच्याच हातीं राहिला, कारण पुस्तक त्यानें लिहिलें.

याला एक जुना व ठळक अपवाद आहे. युंग विंग हा मकावजवळच्या खेड्यांतला शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८२८. वयाच्या सातव्या वर्षीं बापानें त्याला मकावच्या एका मिशनरी बाईंच्या शाळेंत घातलें. परदेशी व्यापार वाढत होता. मुलाला दुभाष्याचें काम मिळेल हा हिशेब. हाच मुलगा पुढें १८५४ सालीं येल विद्यापीठाचा पदवीधर झाला, अमेरिकन विद्यापीठाची पदवी मिळविणारा पहिला चिनी. उतारवयांत, १९०९ सालीं, त्यानें आपलें चरित्र इंग्रजींतच प्रसिद्ध केलें. मास्तरीण बाईंचा उंच बांधा आणि फुगलेला झगा पाहून आपण कसे बापाला बिलगलों, हें त्यानें लिहिलें आहे. पुढें त्यानें कांहीं मुलींना बरोबर घेऊन होडींतून पळ काढला. पाठलाग झाला, सर्व पकडले गेले, आणि डोक्यावर कागदाची उंच टोपी घालून त्याला वर्गापुढें उभें केलें. हीच हकीकत त्या बाईंनीं लिहिली असती तर ती एक विनोदी आठवण झाली असती. युंग विंगनें साठ-सत्तर वर्षांनंतर लिहिली, आणि तिच्यांतला अपमान अजून ओला आहे. पदवी घेऊन तो परतला तेव्हां मातृभाषा विसरला होता. क्वांगचौ शहरांत, म्हणजे आपल्या जुन्या नकाशांतल्या कँटनमध्यें, राहून त्याला ती पुन्हां शिकावी लागली. इंग्रजी शिकण्याची किंमत किती पडते याचा हिशेब मास्तरांच्या पुस्तकांत कधीं सांपडत नाहीं. या एका पुस्तकांत तो सांपडतो. चरित्र म्हणून तें रुक्ष आहे, मधलीं प्रकरणें राजकारणानें जड झालीं आहेत. पण पहिलीं तीस-चाळीस पानें कोणीही वाचावीं.

आतां या वर्गांतील आमच्या मतें सर्वांत मोठें पुस्तक, पीटर हेस्लर याचें 'रिव्हर टाउन'. हेस्लर १९९६ च्या ऑगस्टांत चुंगकिंगहून होडीनें फूलिंगला आला. यांग्त्सेला वू नदी मिळते त्या संगमावरचें हें शहर, आणि तेव्हां तेथें आगगाडी नव्हती. अमेरिकेच्या 'पीस कोअर' या संस्थेनें त्याला व एका सोबत्याला तेथील अध्यापक-विद्यालयांत पाठविलें होतें. विद्यार्थी जवळजवळ सर्व शेतकरी कुटुंबांतले, आणि शिकून खेड्यांतल्या शाळांत इंग्रजीचे मास्तर व्हावयाचे. दोन वर्षें तो तेथें होता. पुस्तक २००१ सालीं निघालें.

प्रथमदर्शनीं हेंही त्याच सांच्यांतलें वाटतें. विद्यार्थ्यांनीं स्वतःला घेतलेलीं विचित्र इंग्रजी नांवें आहेत, त्यांच्या निबंधांतील वाक्यें आहेत, शेक्सपियरची नाटकें वर्गांत करून दाखविण्याची धमाल आहे. हॅम्लेट हा थोर पुरुष कां, तर त्याला शेतकऱ्यांची कळकळ होती म्हणून, असें उत्तर एका विद्यार्थ्याकडून येतें. येथें हंसूं येतें खरें. पण लगेच हेस्लर ज्या गोष्टीकडे वळतो ती पाहावी. शेक्सपियरचें सुनीत वर्गांत घेतलें असतां या मुलांचा कान किती तयार आहे हें पाहून तो थक्क होतो. थांग काळांतील कविता प्रत्येकाला मुखोद्गत. छंद म्हणजे काय हें त्यांना शिकवावें लागत नाहीं. अमेरिकेंतल्या आपल्या बरोबरीच्या तरुणांत असा कान कोठें आहे, असा प्रश्न त्याला पडतो. हॅम्लेटच्या उत्तरालाही तो नुसतें हंसून सोडीत नाहीं. या मुलांना नाटक राजकारणाच्या चष्म्यांतून वाचावयास शिकविलें आहे हें खरें; परंतु अमेरिकेंतल्या विद्यापीठांतही शेक्सपियर निरनिराळ्या मतांच्या चष्म्यांतून वाचला जातोच, आणि आपण तेथून पळालों तो यासाठींच, असें तो कबूल करतो. असा विनोद दोन्ही बाजूंना बसतो.

परंतु पुस्तकाचा खरा गाभा वर्गाबाहेर आहे. हेस्लर चिनी शिकावयास लागतो. त्याच्या शिकविणारांच्या तोंडीं एकच शब्द सतत असतो, 'बू दुइ', म्हणजे 'चूक'. गोड बोलून प्रोत्साहन देण्याची रीत तेथें नाहीं. स्वर चुकला कीं चूक, आणि पुन्हां चुकला कीं पुन्हां चूक. शहरांत त्याला जें चिनी नांव मिळालें तें हो वेइ. हा हो वेइ आणि वर्गांतला हेस्लर हीं दोन निराळीं माणसें आहेत, असें तो सांगतो: हेस्लर सुशिक्षित, वर्गापुढें अधिकारानें बोलणारा, हो वेइ मठ्ठ, अडखळत बोलणारा, ज्याच्या उच्चारांना रस्त्यावरचीं माणसें हंसतात. पण लोक मनमोकळें बोलत तें हो वेइजवळ. चहाच्या दुकानांत, खानावळींत, भाजीवाल्याच्या ओट्यावर त्याला जें ऐकावयास मिळालें तें हेस्लरला कधीं मिळालें नसतें.

या लेखकानें, आमच्या मतें, त्या हंसण्याचें ऋण येथें फेडलें. ज्या पुस्तकांत आपल्या विद्यार्थ्यांचें मोडकें इंग्रजी छापलें, त्याच पुस्तकांत आपलें मोडकें चिनी आणि त्यावरचें लोकांचें हंसणें त्यानें छापलें.

आणखी एक गोष्ट. प्रकरणांच्या मधून मधून त्यानें शहरांतील व्यक्तींचीं व स्थळांचीं लहान लहान चित्रें दिलीं आहेत. त्यांत एक वृद्ध कॅथॉलिक धर्मोपदेशक आहेत. नदीच्या पात्रांतली 'पांढऱ्या करकोच्याची धार' नांवाची शिळा आहे, जिच्यावर थांग काळापासून ओसरत्या पाण्याच्या खुणा व लेख कोरलेले आहेत. हीं माणसें हेस्लरजवळ चिनींत बोललीं आणि त्यानें त्यांचें बोलणें साध्या, शुद्ध इंग्रजींत उतरविलें. वर सांगितलेला मराठीचा प्रयोग त्यानें जणूं स्वतःच करून ठेविला! परिणाम पाहावा: हींच चित्रें पुस्तकांत सर्वांत भारदस्त झालीं आहेत. त्यांतील एकाही माणसाला हंसावेसें वाटत नाहीं. ती शिळा तीन घळींच्या धरणामुळें आतां पाण्याखालीं गेली असून २००९ पासून तेथें पाण्याखालचें संग्रहालय आहे.

दोष नाहींत असें नाहीं. दोन वर्षांच्या मुक्कामावर एवढा मोठा देश समजावून सांगण्याचा मोह हेस्लरला मधून मधून होतो, आणि मग 'चिनी माणूस असा असतो' या थाटाचीं वाक्यें येतात. आपल्यावर अशीं वाक्यें कमी लिहिलीं गेलेलीं नाहींत, म्हणून तीं कानाला चटकन् खुपतात. पण शेवटाजवळचा प्रसंग त्यानें लपविला नाहीं, हें त्याचें प्रामाणिकपण. जाण्याच्या सुमारास तो आणि त्याचा सोबती शहरांत चलच्चित्रें घेत असतां भोंवतीं गर्दी जमते, ती चिडते, आणि दोघांना काढता पाय घ्यावा लागतो. दोन वर्षें राहून, भाषा शिकून, अजून आपण कॅमेरा घेऊन आलेले परके. साल्झमनच्या गोल वाटींत हा प्रसंग मावला नसता.

हस्तलिखित तयार झालें तेव्हां तें त्यानें आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला वाचावयास दिलें. तिनें कळविलें कीं हें वाचून फूलिंग कोणालाच आवडणार नाहीं. परंतु लिहिलें आहे तें सर्व खरें असल्यामुळें आपल्याला तक्रार करतां येत नाहीं. या अभिप्रायांत दुखावलेपण आहे आणि न्यायबुद्धीही आहे. पुस्तकाची अनेक परीक्षणें आमच्या वाचनांत आलीं. एकही या दोन वाक्यांच्या तोडीचें नाहीं. २०१२ सालीं 'रिव्हर टाउन' चीनमध्यें चिनी भाषेंत निघालें, आणि भाषांतरकार होता फूलिंगच्याच महाविद्यालयांतला एक अध्यापक. म्हणजे अखेर तें पुस्तक बाकावरच्या लोकांच्या हातीं त्यांच्या भाषेंत पडलें. लेखकाला याहून कठीण परीक्षा नाहीं.

हेस्लर २०१९ सालीं बायको व दोन जुळ्या मुलींसह पुन्हां शिकवावयास गेला, या वेळीं छंगतू येथें. मुली चिनी सरकारी शाळेंत घातल्या. महामारीचीं वर्षें त्यानें तेथेंच काढलीं. २०२१ मध्यें करार पुढें वाढविला गेला नाहीं आणि तो परतला. त्यावरचें 'अदर रिव्हर्स' हें पुस्तक २०२४ सालीं निघालें. तें पहिल्याइतकें रसाळ नाहीं. महामारीच्या तपशिलानें तें कोठें कोठें वृत्तपत्रासारखें वाटतें. परंतु त्यांत एक अपूर्व गोष्ट आहे. फूलिंगचीं तीं जुनीं मुलें आतां पंचेचाळिशीच्या घरांत आलेलीं, स्वतः मास्तर झालेलीं, कित्येक सुस्थितींत असलेलीं, आणि गुरूशीं इतकीं वर्षें पत्रव्यवहार ठेवून असलेलीं. नवे विद्यार्थी बहुतेक एकुलते, शहरी, आणि इंग्रजी इतकें सफाईनें लिहिणारे कीं चुकांवर हंसण्याचा प्रश्नच उरला नाहीं. मग लेखकाला ते काय म्हणतात तिकडेच लक्ष द्यावें लागतें, आणि तें लक्ष तो देतो. इंग्रजीच्या वर्गांत नवल जुनें तें हेंच: पूर्वीं चूक ऐकूं येई, आतां मत ऐकूं येतें.

पीस कोअरचें चीनमधील काम १९९३ पासून चालू होतें. २०२० सालीं तें बंद झालें. २०२१ च्या उन्हाळ्यांत सरकारनें खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि परदेशांत बसून चिनी मुलांना यंत्राद्वारें शिकविणाऱ्यांचा धंदा बसला. जे अजून प्रत्यक्ष जातात त्यांच्यासाठीं नियम असा कीं परदेशी भाषाशिक्षकानें साधारणतः आपली मातृभाषाच शिकवावी. या नियमानें आमच्याकडचा एखादा उत्तम इंग्रजी जाणणारा प्राध्यापक दाराबाहेर राहतो आणि लंडनचा कोणीही बोलघेवडा पोरगा आंत जातो. भाषा येणें म्हणजे त्या भाषेंत जन्मणें, ही समजूत खरी असती तर वर सांगितलेलीं फूलिंगचीं मुलें गेलीं पंचवीस वर्षें खेड्यापाड्यांतून करीत आहेत तें काय?

या नियमाचा विचार करतांना ज्याची आठवण यावी असा एक इंग्रज मास्तर दक्षिण चीनमध्यें होऊन गेला. त्यानें या विषयावर पुस्तक लिहिलें नाहीं, आणि तरी आमच्या यादींत तो शेवटीं ठेविला आहे. विल्यम एम्प्सन, ज्याचें 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्विटी' इंग्रजी टीकेच्या अभ्यासकांना परिचित आहे. १९३७ च्या उन्हाळ्यांत तो पेकिंग विद्यापीठांत नोकरीवर निघाला, आणि तो पोंचतो तों जपानशीं युद्ध पेटलेलें. उत्तरेकडील तीन विद्यापीठें एकत्र होऊन दक्षिणेस हूनानांत उतरलीं. वाङ्मयाचे वर्ग नान्यूए येथें, हंगशान या पवित्र डोंगराच्या अंगावर भरूं लागले. धुकें, थंडी, आणि पुस्तकें नाहींत. एम्प्सनची खोली तर्कशास्त्राच्या एका चिनी प्राध्यापकाबरोबर सामाइक होती. विद्यार्थ्यांच्या आठवणींत येतें कीं तो आपल्या स्मरणांतून शेक्सपियर आणि इतर कवी टंकयंत्रावर उतरवून काढी आणि तींच पानें वर्गांत पाठ्यपुस्तक होत. बोलणें भरभर, नजर मुलांकडे नसेच. फळ्यावर ओळी लिहीत राही. आजकालच्या अर्थानें त्याला चांगला भाषाशिक्षक कोणीही म्हणणार नाहीं. त्या डोंगरावरच्या शरदावर त्यानें एक दीर्घ कविता लिहिली. त्यावेळच्या विद्यार्थ्यांचीं गमतीदार वाक्यें मात्र त्यानें विकलीं नाहींत.

त्याच्याविषयीं जें लिहिलें तें विद्यार्थ्यांनीं. हें या संबंध वाङ्मयांत उलटें घडलेलें एकमेव उदाहरण आम्हांला माहीत आहे. त्यांतला एक मू दान, जन्म १९१८. १९३८ च्या आरंभीं विद्यापीठ आणखी दक्षिणेस युन्नानांत हलविलें गेलें, तेव्हां कांहीं शें विद्यार्थी व थोडे प्राध्यापक हजार मैलांची वाट चालत कुन्मिंगला गेले. मू दान त्यांत होता. सांगतात कीं चालतां चालतां तो इंग्रजी शब्दकोशाचें पान पाठ करी आणि पाठ झालें कीं फाडून टाकी. युन्नानांत एम्प्सननें त्याला व त्याच्या सोबत्यांना इंग्रजी नवकविता शिकविली. तेथें सप्टेंबर १९३८ पासून विमानांतून बाँब पडूं लागले होते. १९३९ मध्यें एम्प्सन मायदेशीं परतला. १९४२ सालीं मू दान चिनी सैन्याबरोबर दुभाष्या म्हणून ब्रह्मदेशांत गेला. माघारींत अरण्यांतून उपासमारीनें हजारों माणसें मेलीं. तो कसाबसा जगला आणि आपल्या आसामांत पोंचला.

कवी म्हणून तो मोठा होताच. अमेरिकेंत शिकून १९५३ मध्यें तो स्वदेशीं आला, आणि पांचएक वर्षांत त्याच्यावर क्रांतिविरोधी असा शिक्का बसला. शिकविणें बंद झालें. विद्यापीठाच्या ग्रंथालयांत हलकीसलकी कामें करावीं लागलीं. स्वतःची कविता छापून येण्याची आशा नव्हती, म्हणून रात्रीं घरीं बसून तो बायरनच्या 'डॉन जुआन'चें चिनी भाषांतर करूं लागला. त्या प्रचंड काव्याला वर्षेंच्या वर्षें लागलीं. शब्दकोश फाडीत चाललेल्या मुलानें आतां त्या शब्दांचा हिशेब ओळीनें चुकता केला, आणि तो पाहावयास कोणी परदेशी पंतोजी तेथें नव्हता. फेब्रुवारी १९७७ मध्यें तो वारला. भाषांतर १९८० सालीं छापून निघालें.